आडनावाच्या मागे जाताना

कोल्हापूर जिल्ह्यात घोरपड्यांची दोन नामांकित घराणी आहेत. एक कागल तालुक्यातल्या कापशीचे, म्हणजे सेनापती संताजी घोरपड्यांचे. दुसरे इचलकरंजीचे. आडनाव एक, जिल्हा एक, इतिहासही एकमेकांत गुंतलेला. पण रक्ताचे नाते काहीच नाही. नारो महादेव जोशी हा कोकणातला ब्राह्मण मुलगा घोरपड्यांच्या पदरी आला आणि तिथेच कर्तबगार झाला. संताजींनी त्याला मुलासारखे वागवले आणि नारोपंतांनी कृतज्ञतेने धन्याचे आडनाव आपले म्हणून घेतले. त्यांचे चिरंजीव व्यंकटराव पेशवे बाळाजी विश्वनाथांचे जावई झाले, इचलकरंजीचे संस्थान उभे राहिले आणि जोशी हे आडनाव कायमचे मागे पडले.

आता इचलकरंजीकर घोरपड्यांचा एखादा वंशज दूरदेशी वाढला आहे, घरची परंपरा त्याला कुणी सांगितलेली नाही आणि हाताशी फक्त आडनाव आहे, असे समजू. तो आधी कापशीला पोचेल, तिथून मुधोळच्या घोरपड्यांकडे आणि तिथून थेट राजपुतान्यात. वाटेत त्याला छापील पुस्तके भेटतील, सनदा भेटतील, वंशवृक्ष भेटतील. ते सारे कितीही खरे असले तरी त्याचे नसेल. त्याचे खरे मूळ गोत्रात, कुलदैवतात आणि कोकणातल्या एका जोशी घरात आहे.

याच्या नेमकी उलटी गोष्टही याच जिल्ह्यात घडली. कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतराव जन्मले. १७ मार्च १८८४ रोजी ते करवीरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. भोसल्यांचे घराणे पुढे चालले ते घाटग्यांच्या रक्ताने. त्याआधीचे करवीरचे इतिहासप्रसिद्ध वारसही पाहावेत : अठराव्या शतकात करवीरच्या राणी जिजाबाईंनी खानवटकर भोसल्यांतून मुलगा दत्तक घेतला, आणि फ्लॉरेन्समध्ये १८७० साली वारलेले राजाराम महाराजही दत्तकच. धर्मशास्त्राला, कायद्याला आणि प्रजेला हे वंशसातत्य पूर्ण मान्य होते. म्हणून वंश म्हणजे काय, हा प्रश्न या अभ्यासाच्या दारातच उभा असतो. घराणे चालणे ही एक गोष्ट आणि रक्त वाहणे ही दुसरी. दोन्हींचा शोध घेता येतो, पण एकाच्या पुराव्याने दुसरी सिद्ध होत नाही.

कुळांचा आणि आडनावांचा शोध हा आपल्याकडे फार जुना उद्योग आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘राधामाधवविलासचंपू’ आणि ‘महिकावतीची बखर’ यांना जोडलेल्या प्रस्तावना वाचल्या, की नावांच्या यादीतून एका समाजाचा प्रवास कसा वाचता येतो हे कळते. त्यांचे कित्येक निष्कर्ष आज टिकत नाहीत. त्यांची हिंमत मात्र टिकते. पुढे अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ताराबाईकालीन कागदपत्रे संपादून दिली, स. मा. गर्गे यांनी ‘करवीर रियासत’ लिहिली. असे असूनही हा अभ्यास सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोचलेला नाही. सरदारांच्या, इनामदारांच्या, ब्राह्मण कुटुंबांच्या वंशावळी छापल्या गेल्या. शेतकऱ्याच्या, सुताराच्या, महाराच्या, तांबोळ्याच्या घराला आपला पूर्वज शोधता येईल, असे कुणी त्यांना सांगितलेच नाही. येतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला मला सर्वांत आधी हेच सांगायचे आहे.

शोधाची दिशा मात्र एकच असावी लागते. आपल्यापासून मागे जायचे. प्रसिद्ध पूर्वजापासून आपल्याकडे येऊ नये, कारण त्या वाटेवर मोकळी जागा आपल्या इच्छेने भरली जाते. आपण, आपले वडील, आजोबा, पणजोबा. प्रत्येक पायरीला निदान एक कागद. आजोबांच्या पायरीला शाळेचे जनरल रजिस्टर मिळते. करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या मुलांची नावेही रजिस्टरात येऊ लागली. त्यामागे गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. जुनी माणसे तिला कोतवाल बुक म्हणतात. मग फेरफार नोंदी. फेरफाराइतका बोलका कागद दुसरा नाही. बाप वारला, मुलांची नावे लागली, बहिणींनी हक्क सोडला, चुलत्याने हरकत घेतली, सगळे चार ओळींत असते. वारसाची नोंद नाते सांगते, आणि कुळशोधाला नातेच हवे असते.

याच्याही मागे गेले की देवनागरी संपते आणि मोडी सुरू होते. इथे पुष्कळजण थांबतात. थांबू नये. मोडी शिकायला कुणाला जन्म घालवावा लागत नाही. चिकाटीने बसणाऱ्याला काही महिन्यांत साधा एकोणिसाव्या शतकातला कागद लागू लागतो. शिवकालीन वळण अधिक अवघड, पण तेही सवयीने उलगडते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळलेला नसतो आणि शब्दही सुटे लिहिलेले नसतात, त्यामुळे अपरिचित गावाचे नाव चुकीचे वाचले जाण्याची भीती कायम राहते. त्यावर उपाय आसपासच्या गावांची यादी शेजारी ठेवण्याचा.

तारखांचेही तसेच. जुन्या कागदावर शुहूर सन असतो, तोही अरबी अंकशब्दांत. ‘सन इहिदे मया व अलफ’ म्हणजे एक, शंभर आणि हजार, म्हणजे ११०१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, इथे १७००-०१. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला, बदलते. कुठे फसली असते, कुठे हिजरी, कुठे शालिवाहन शक, कुठे १६७४ पासून मोजलेला राज्याभिषेक शक. जंत्री हाताशी असली की यात अवघड काही नाही. कालगणनेची एक चूक मात्र मुलाला बापाच्या आधी जन्माला घालते, आणि छापील वंशावळींत अशी मुले आढळतात.

आता एक गोष्ट, जी नवख्याला फार गोंधळात टाकते. जुन्या मराठी कागदात आडनाव शोधू गेले तर ते बऱ्याचदा नसतेच. माणूस ओळखला जातो तो स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने, हुद्द्याने आणि गावाने. ‘संताजी बिन रामजी पाटील मौजे अमुक’ एवढे झाले की ओळख पुरी. ब्राह्मणांच्या बाबतीत नाव आणि बापाचे नाव जोडून येते. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ. पेशव्यांचे आडनाव भट, हे आज शाळकरी मुलाला ठाऊक आहे, पण त्यांच्या कागदांतून ते शोधून काढायला श्रम पडतात. म्हणून आडनाव घेऊन दप्तरात शिरू नये. गाव आणि दोन पिढ्यांची नावे घेऊन शिरावे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत इथे मदतही करते आणि फसवतेही. राणोजी बिन बाबाजी, बाबाजी बिन राणोजी, पुन्हा राणोजी बिन बाबाजी. तीन कागद हाताशी असतात आणि त्यांत माणसे दोन आहेत की पाच, हे वर्षे मांडल्याशिवाय कळत नाही.

मग आडनावे आली कुठून? अनेक वाटांनी, आणि वेगवेगळ्या काळी. आपल्या भागात सर्वांत दाट पीक हुद्द्यांचे आहे. पाटील, कुलकर्णी, देसाई, देशपांडे, पोतदार, सरनोबत, सबनीस. चौगुला हा पाटलाचा मदतनीस. कोल्हापूर-सांगलीकडे चौगुले आडनावाची मराठा, जैन, लिंगायत अशी सर्व घरे आहेत, आणि त्यांचा परस्परांशी संबंध फक्त एवढाच, की कधीकाळी प्रत्येकाच्या पूर्वजाने कुठल्या तरी गावी तेच काम केले. १९१८ साली शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. अधिकार गेला, आडनाव राहिले. किताबांचेही तसेच झाले. करवीरच्या सरदारांपैकी चव्हाण हिंमतबहादर झाले, संताजींचे भाऊ बहिर्जी हिंदुराव झाले, आणि किताब पिढ्यान्‌पिढ्या नावासारखा चालला. किन्हईच्या कुलकर्णी घराण्यातले परशुराम त्रिंबक प्रतिनिधी झाले. त्यांच्या एका मुलाची शाखा औंधला, दुसऱ्याची विशाळगडला. दोन्हीकडे पद हेच आडनाव बनले, आणि औंधच्या अप्पासाहेबांनी तर जगभर नुसते पंत म्हणून नाव कमावले.

गावावरून आलेल्या ‘कर’ आडनावांबद्दल एक नियम ध्यानात ठेवावा : माणूस ते गाव सोडतो तेव्हा त्याला ते नाव पडते. आजऱ्यात राहणाऱ्याला आजरेकर म्हणण्याचे प्रयोजन नसते. आजऱ्याहून कोल्हापुरात आलेल्याला असते. म्हणजे असे आडनाव ही स्थलांतराची नोंद आहे, आणि म्हणूनच मोलाची. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने हीच रीत उचलली. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे आज इस्राएलमध्येही वडिलोपार्जित गाव सांगत उभी आहेत. डॉ. बाबासाहेबांचे कुळ सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव दाखल झाले ते भिवा रामजी आंबेडकर असे. आणि आडनाव एका पिढीतही जन्मते. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना लोक त्यांच्या कलेवरून पेंटर म्हणू लागले. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला तोवर तेच नाव रूढ झाले होते.

आता मध्ययुगाकडे. कारण या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांच्या मनात खरी ओढ असते ती त्या टोकाची. आमचा मूळ पुरुष कोण?

कोल्हापुरात हा प्रश्न विचारणाऱ्यासमोर शिलाहार उभे राहतात. पन्हाळ्यावरून राज्य करणारे, महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभल्याचे बिरुद मिरवणारे, सोनेरी गरुडाचे निशाण असणारे, स्वतःला तगरपुराचे, म्हणजे आजच्या तेरचे, अधिपती म्हणवणारे राजे. गंडरादित्य, विजयादित्य, दुसरा भोज. देवगिरीच्या सिंघण यादवाने तेराव्या शतकाच्या आरंभी भोजाचे राज्य जिंकले आणि हे घराणे लेखांतून नाहीसे झाले. आज महाराष्ट्रात शेलार आहेत. शिलाहार, शिलार, शेलार, हा उच्चाराचा प्रवास सहज पटतो आणि अनेक विद्वानांनी तो मांडला आहे. तसेच यादवांचे जाधव, मौर्यांचे मोरे, कदंबांचे कदम, चालुक्यांचे चाळके आणि साळुंखे.

ध्वनीचे हे नियम खरे आहेत. पण शब्दाची वंशावळ आणि माणसाची वंशावळ एक नसते. राजाचे कुलनाव त्याच्या भाऊबंदांकडे जाते, तसे त्याच्या चाकरीतल्या पथकाकडे, त्याच्या मुलखातल्या रयतेकडे आणि त्याचा आश्रय घेणाऱ्या कुटुंबाकडेही जाते. इचलकरंजीत काय झाले ते आपण पाहिलेच. यादवांची सत्ता चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पूर्ण संपली. सिंदखेडचे लखुजी जाधव १६२९ साली मारले गेले. मधल्या सुमारे तीनशे वर्षांत दहा-बारा पिढ्या बसतात. त्या प्रत्येक पिढीला नाव आणि पुरावा मिळत नाही तोवर यादव हे जाधवांचे पूर्वज असणे ही परंपरा आहे. परंपरा म्हणून तिचा आदर करावा, ती कोण सांगत आले आणि कधीपासून, हे नोंदवावे, आणि तिला सिद्ध वंशावळीच्या रांगेत बसवू नये.

मुधोळच्या घोरपड्यांचे प्रकरण या बाबतीत फार शिकवणारे आहे. राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी १९३२ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या शिवचरित्रात मुधोळ दरबारच्या संग्रहातली बहामनी फर्माने पुढे आणली. महमूद गावानच्या स्वारीत खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, घेताना घोरपडीला दोर बांधून कडा चढला गेला आणि त्याबद्दल १४७१ च्या सुमारास घोरपडे बहादर हा किताब मिळाला, असे ती परंपरा सांगते. त्या फर्मानांवरून भोसले आणि घोरपडे यांचा सलग वंश मेवाडच्या सिसोद्यांपर्यंत नेता येत होता. अनेक अभ्यासकांनी फर्मानांच्या अस्सलपणाविषयी शंका घेतल्या, वाद झाला, आणि त्या वादातून कागद कसा तपासावा याचे धडे मराठी संशोधनाला मिळाले : त्या काळचे किताब तेव्हा प्रचारात होते का, लेखनाची धाटणी त्या दरबाराची आहे का, साक्षीदार आणि शिक्के इतरत्र भेटतात का. घोरपडीची हीच गोष्ट सिंहगडावर तानाजीच्या संदर्भातही सांगितली जाते. एकच कथा दोन गडांवर भेटली, की तिच्यातून किताबाचा उगम सिद्ध करण्यापूर्वी थांबायला हवे. रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात भोसल्यांचे मूळ दक्षिणेत, होयसळांकडे शोधले. मला स्वतःला ढेऱ्यांची पद्धत अधिक पटते, कारण ते दैवताच्या आणि स्थलांतराच्या मागाने जातात. पण त्यांच्याही मांडणीत मधल्या पिढ्यांचे कागद नाहीत.

खऱ्या मध्ययुगीन माणसाला भेटायचे तर कागलजवळच्या बामणीला जावे. तिथला विजयादित्याचा ११५० चा लेख कामगावुंड नावाच्या माणसाने बांधलेल्या जैन मंदिराला दिलेल्या दानाचा आहे. लिपी जुनी कन्नड. त्या गृहस्थाच्या घरच्या माणसांची नावेही त्यात कोरलेली आहेत. आडनाव नाही. गावुंड म्हणजे गावचा प्रमुख. पुढे मराठी कागदांत ज्याला पाटील म्हणतात त्याच जातीचा अधिकार. त्याचे वंशज आज इथल्याच शिवारांत असतील, पाटील म्हणवत असतील, मराठी बोलत असतील किंवा कन्नड. कोल्हापूरच्या माणसाने आपले मध्ययुग शोधायचे ठरवले तर त्याला कन्नडशी मैत्री करावीच लागेल. इथल्या कुळशोधाला मराठीइतकेच कन्नडही लागते, हे आपल्या अभ्यासकांनी अजून पुरते मनावर घेतलेले नाही, आणि ती या क्षेत्रातली आजची मोठी उणीव आहे.

इथे इंग्लंडची आठवण उपयोगी पडते. सामान्य माणसाचा मध्ययुगीन पूर्वज शोधण्याची विद्या त्या देशात कसोशीने वाढली. १०८६ चे डूम्सडे बुक ही जमिनीची आणि जमीनदारांची नोंद; १५३८ पासून प्रत्येक चर्चच्या परगण्यात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही; आणि दोन्हींच्या मध्ये गढीच्या न्यायसभांची दप्तरे, करांच्या याद्या, जमीनदार वारल्यावर त्याचा वारस कोण आणि किती वर्षांचा याची सरकारी चौकशी. तिथेही नॉर्मन विजयानंतर तीन-साडेतीन शतके आडनावे घडत होती. साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्रज घरांत ती स्थिरावली. गाव, धंदा, बापाचे नाव, टोपणनाव, वाटा आपल्यासारख्याच. आणि थोर पूर्वजाचा मोहही आपल्यासारखाच. विजेत्या विल्यमबरोबर १०६६ साली आलेल्या सरदारांची म्हणून बॅटल ॲबीची एक यादी शतकानुशतके मिरवली गेली. तिच्या हाती आलेल्या प्रती सोळाव्या शतकातल्या आणि नावे मागाहून घुसवलेली, हे संशोधकांनी दाखवून दिल्यावर कित्येक वंशवृक्षांची मुळेच सुटली.

इंग्लंडकडून घ्यावे ते हे, की त्यांच्याकडे पूर्वज सापडतो तो मालमत्तेमुळे आणि भांडणामुळे. आपल्याकडेही तसेच आहे, फक्त आपण त्या नजरेने दप्तराकडे पाहत नाही. वतनाचा तंटा लागला की दोन्ही बाजू आपापल्या पिढ्या सांगत. त्या सांगण्याला तक्रीर किंवा करीना म्हणतात. गोतसभा बसे, निवाडा होई, महजर लिहिला जाई. पाटील सहीच्या जागी नांगर काढी आणि बलुतेदार आपापली निशाणी करीत. पाटीलकीसाठी भांडणे झाली, तशी महारकीसाठी, जोसपणासाठी, सुतारकीसाठीही झाली. निरक्षर माणसाच्या चार पिढ्या अशा भांडणात लेखी उतरल्या आहेत. पूर्वजांचे भांडण सापडले तर शरमू नये. त्या भांडणानेच ते आपल्यापर्यंत पोचले.

कागदाबाहेरचा सर्वांत मोठा साठा आपल्याकडे हेळव्यांचा आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव आणि त्यापलीकडच्या कन्नड मुलखात हा भटका समाज पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगत आला. पूर्वी हेळवी बैलावर बसून गावात येई, घरासमोर थांबून कुळाचे मूळ गाव, दैवत, पहिला पुरुष, त्याचे मुलगे, कोण कुठल्या गावी जाऊन राहिला, हे सारे म्हणून दाखवी, आणि नव्याने जन्मलेल्यांची नावे वहीत घेई. मोबदल्यात धान्य, कपडे, कधी जनावर. प्रत्येक हेळव्याची घराणी ठरलेली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या कुणब्याच्या घरची दहा-बारा पिढ्यांची यादी अशा वहीत असते. तिच्याकडे विद्यापीठीय संशोधनाने जेवढे लक्ष द्यायला हवे होते, तेवढे दिलेले नाही. अलीकडे कुणबी नोंदींचा शोध सरकारी पातळीवर सुरू झाला, त्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि मोडी जाणणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. त्या निमित्ताने जुन्या दप्तरांची धूळ झटकली गेली हे चांगलेच. पण हेळव्याची वही ही दाखल्यापुरती उघडायची वस्तू नव्हे. ती त्याच्या घराची मिळकत आहे. तिची छायाप्रत त्याच्या परवानगीने, त्याला योग्य मोबदला देऊन, त्याचे नाव लिहून घ्यावी. आणि तिच्यातल्या अलीकडच्या पाच-सहा पिढ्या फेरफाराशी, नमुना १४ शी ताडून पाहाव्यात. त्या जुळल्या तर मागच्या पिढ्यांवरचा विश्वास वाढतो. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा उपयोग असाच. तिथे तर यात्रेकरूचे स्वतःचे अक्षर भेटण्याचा योग असतो.

समुद्रापलीकडे गेलेल्यांसाठी वेगळे दप्तर आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या गिरमिट्यांत मराठी माणसे पुष्कळ होती. तिथल्या कारकुनाने माणसाचे नुसते नाव लिहिले आणि पुढच्या पिढीला तेच आडनाव झाले. मूळचे कुळ कागदावर आलेच नाही. मात्र मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आगमनाच्या नोंदवह्या आहेत, त्यांत बापाचे नाव आणि गाव मिळते, काहींची छायाचित्रेही आहेत. तिथून रत्नागिरीकडे गाव शोधत येणाऱ्यांना आडनावाचा काही उपयोग नसतो. गावच त्यांना घरी आणते.

या सगळ्या साधनांत एक मोठी पोकळी आहे आणि ती बायकांची आहे. लग्नात आडनाव बदलते, पुष्कळ घरांत नावही बदलते. वंशवृक्षात मुलींच्या फांद्या काढलेल्याच नसतात. वास्तविक करवीरची गादी स्थापन केली ताराबाईंनी, तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांच्या मुलीने. शिवछत्रपतींचे आजोळ जाधवांचे. ज्या घराण्याचा इतिहास सर्वांत जास्त लिहिला गेला, त्यातही अर्धे पूर्वज आयांच्या बाजूचे, आणि आपल्या घरी तर त्यांची नावेही कुणाला सांगता येत नाहीत. साधा हिशेब करावा. प्रत्येक पिढीला पूर्वज दुप्पट होतात. वीस पिढ्या मागे दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर जागा भरतात. त्यांतल्या एकाच जागेवरून आपले आडनाव आले असे आपण धरतो, तेही दत्तक, आश्रय आणि बदल सोडून. एवढ्या जागांत तीच माणसे पुन्हा पुन्हा येतात, म्हणजे आपण सारेच एकमेकांचे भाऊबंद ठरतो. वतनपत्रांतून विधवा वतनदारणी, आज्या, सावत्र आया ठिकठिकाणी स्वतःच्या नावाने उभ्या दिसतात. त्यांना शोधणारा अभ्यासक आम्हांला हवा आहे.

जनुकीय चाचणीबद्दल हल्ली फार विचारले जाते. तिची शक्ती आणि मर्यादा दोन्ही इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डच्या प्रकरणात दिसतात. १४८५ साली रणांगणावर पडलेल्या या राजाचा सांगाडा लेस्टर शहरात वाहनतळाखाली २०१२ मध्ये सापडला. आईकडून येणारा जनुकीय धागा आजच्या वंशजांशी जुळला आणि ओळख पटायला त्याचा आधार झाला. बापाकडून मुलाकडे जाणारा धागा मात्र जुळला नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. कागदोपत्री अखंड असलेल्या राजवंशात कुठे तरी पितृत्वाचा दुवा तुटला होता. रक्ताची चाचणी नाते आहे की नाही एवढे सांगते. पूर्वजाचे नाव, गाव आणि त्याचे आयुष्य कागदच सांगतो. शिवाय ती उघडकीस आणील त्याला सामोरे जाण्याची घरातल्या सर्वांची तयारी आहे का, हे चाचणीआधी विचारून घेतलेले बरे.

या क्षेत्रात येणाऱ्याचे मी मनापासून स्वागत करतो. पदवी लागत नाही. शिवाजी विद्यापीठात मोडी शिकता येते, पुरालेखागारात करवीर संस्थानाचे दप्तर आहे, १८५४ चा ग्रॅहमचा अहवाल आणि १८८६ चे कोल्हापूर गॅझेटियर वाचायला मिळतात. पण सुरुवात घरातून करावी. घरात सर्वांत वयस्कर जी बाई असेल तिच्याशी आधी बोलावे. तिचे माहेर, तिच्या आईचे माहेर, तिच्या सासूचे माहेर, कुलदैवताला कोण कुठे जात असे, लग्नात देवक कशाचे पूजले जाई, कुठल्या आडनावाशी सोयरीक चालत नसे आणि का, हे तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून घ्यावे. देवक आणि कुलदैवत आडनावापेक्षा हट्टी असतात. आडनाव बदललेल्या घरांतही ती सहसा तशीच राहतात. जे सापडेल त्यासमोर ते कुठे सापडले हे लिहावे. जे सापडले नाही ती जागा कोरी ठेवावी. पुढचा कुणी तिथूनच सुरुवात करील.

आणि एक विनंती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगा-कृष्णेच्या काठच्या घराघरांत पाणी शिरले, आणि पेटीतले कागद पेटीतच भिजले. आपल्या घरी रुमालात बांधलेला मोडी कागद असेल तर तो आजच उंच, कोरड्या जागी हलवा. त्याला चिकटपट्टी लावू नका, तो लॅमिनेट करू नका, घडी पडलेली असेल तर जोर लावून उलगडू नका. उजेडात ठेवून दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र घ्या आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा. तो कागद तुमच्या कुळाचा नसला तरी शेजारच्या कुणाच्या पणजोबाचे नाव त्यात असू शकते.